उकाड्यातली धाबळी

पितृपक्ष तोंडावर आला तरी शरदिनीकाकूंचा फोन वाजेना. दूधविनायकाच्या गल्लीत सोवळ्यातला श्राद्धाचा स्वयंपाक म्हटला की काकूंचंच नाव. महाराष्ट्रातून काशीला आलेले यजमान त्यांच्याकडेच पान मांडायला सांगायचे. यंदा एकेक करून सगळे गळले. मग कानावर आलं, काकू म्हणे साध्या पातळावर रांधतात. श्रावणात एकदा ऐन चूल पेटली असताना सोवळं वळणीवर वाळत होतं!

वळणी आतल्या खोलीत. तिथवर जाते कोण? वाटणघाटणाला येणारी मधुरा. काकूंनी तिला विचारलंसुद्धा नाही. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाल्या, आणि अहिल्याबाई घाटावर आंघोळीला आलेल्या बायकांत सांगूनही टाकलं, "माझ्या घरचं खाऊन माझंच घर बुडवते ती."

पुतणी मैत्रेयी कचहरीत वकील.

"खोटं पसरवून कुणी नाव घालवलं, काम बुडवलं, तर दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते, काकू. पण त्याने ते दुसऱ्या कुणाला सांगितलं, हे दाखवावं लागतं. शक पर मुकदमा नहीं चलता."

"शक कसला गं? मधुराच ती."

"तिच्या तोंडून ऐकलं कुणी?"

काकू जपमाळ उचलून देवघरात गेल्या.

संशय एकदा घरात शिरला की देवघरही सोडत नाही. जपमाळ हातात, कान गल्लीत. समोरची हसली तरी वाटे, आपल्यालाच. शेवटी न राहवून त्यांनी साताऱ्याच्या जुन्या यजमानांना, सुमंतरावांना, फोन लावला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "आता लपवू कशाला? आमचं श्राद्ध सांगणाऱ्या श्रीनिवास गुरुजींनीच सांगितलं. सोवळं वळणीवर आणि बाई पातळावर पोळ्या लाटताहेत, डोळ्यांनी पाहिलं म्हणाले. आमची सोय त्यांनी आपल्या सुनेकडे केली."

रेशमी सोवळं त्या दिवशी वाळलं नव्हतं, हे खरं. म्हणून तर त्या सासूबाईंची लोकरीची धाबळी नेसल्या होत्या, तीही सोवळ्याचीच. आणि नैवेद्याचं ताट न्यायला उंबऱ्याशी आलेले गुरुजीच हसून म्हणाले होते, "काय हो काकू, या उकाड्यात धाबळी? तपश्चर्याच म्हणायची!" सोवळं आत वळणीवर ओलंच आहे, हे काकूंनीच तेव्हा त्यांना सांगितलं होतं.

"म्हणजे ठाऊक असून खोटं बोलले," मैत्रेयी म्हणाली. "सुमंतराव झाले एक साक्षीदार. पण हे धाबळीचं बोलणं ऐकलं कुणी?"

ऐकणारी एकच होती. तिथेच नारळ खवत बसलेली.

मधुराने दार अर्धंच उघडलं. सगळं ऐकून घेतलं.

"ऐकलं होतं की. हसू आलं होतं मला. पण काकू, तुम्ही घाटावर बोललात आणि माझी बाकीची कामंही सुटली. मग आधी माझा दावा लावू का, तुमच्यावर?"

काकूंची मान खाली गेली. "काय भरपाई देऊ, सांग."

"पैसे नकोत. जिथे बोललात तिथेच परत बोला."

दुसऱ्या दिवशी गंगेत उतरण्याआधी काकू पायरीवर थांबल्या. हात जोडले. "बायांनो, मधुरेबद्दल मी बोलले ते खोटं. तिला न विचारता बोलले."

वरच्या पायरीवरून आवाज आला, "मागच्यांना ऐकू गेलं नाही, काकू."

काकूंनी पुन्हा सांगितलं, पार शेवटच्या पायरीपर्यंत पोचेल असं. मग मधुरा पदर खोचून खाली आली. "आटपा आंघोळ. मैत्रेयीताई कचहरीत वाट बघत असतील."