स्टँडवरची सायकल

शेजारचे तहसिलीतले बाबू खाटेवरून उठतात ते मांडीवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढून राह्यल्यासारखे. पायाचं मांस वाळत चाललं आहे. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, कसरत करा, पण बोलता येईल तितकीच. बोलणं तुटलं का थांबा, नाही तर आहे ते बळही जाईल. म्हणून रोज सकाळी सायकल स्टँडवर लावून पायडल मारतात आन् मले समोर बसवतात.

"बोला काका, काहीही विचारा."

बायको गेल्यापासून मले बोलावं वाटत नाही. तरी वारासिवनीच्या बाजारातला धानाचा भाव विचारतो. ते भाव सांगून वर व्यापाऱ्यांना शिव्याही देतात.

काल विचारलं, "चहा झाला का, बाबू?" उत्तर नाही. चाक गरगर फिरून राह्यलं, तोंड लाल. पुन्हा विचारलं. नाहीच.

ही गेली त्या सकाळी तिनंही असंच उत्तर दिलं नव्हतं. मले वाटलं, रुसली असेल. मी बसूनच राह्यलो.

काल उठलो आन् फिरत्या चाकावर हात दाबला. तळहात सोलून निघाला.

"काहून थांबवलं?" ते धापा टाकत ओरडले. "आज पायात जोर होता!"

"जोर राहू द्या, बाबू. मले उत्तर पाहिजे."