जायकवाडीवर बाबांचं पान

आमच्या बागेत एकही कावळा फिरकू नये, अशी व्यवस्था मी स्वतः मेहनत घेऊन केली होती.

निवृत्तीनंतर मी पक्षिनिरीक्षक झालो. (याला परीक्षा नसते, टोपी आणि दुर्बीण पुरते.) सिडकोतल्या घरामागं बाजरी टाकली, पाण्याची भांडी मांडली आणि शिंजीर, बुलबुल, शिंपी अशा खानदानी पाहुण्यांची वाट पाहू लागलो. कावळा दिसला की बागेच्या पाइपानं पाणी मारायचो. पावसाळा सरेपर्यंत कावळ्यांनी गल्लीच सोडली. मग रोज सकाळी चहा निवेपर्यंत मी शिंजीर बघत बसायचो, अर्धा जागा, अर्धा स्वप्नात.

तेवढ्यात पितृपक्ष आला, आणि बाबांची तिथी.

गच्चीवर पान ठेवलं: भात, कढी, वडे, खीर. कावळा शिवल्याशिवाय आई जेवत नाही, आणि जेवल्याशिवाय तिला गोळी घेता येत नाही. मी "काव काव" केलं. एक बुलबुल आला, वड्याकडं बघून निघून गेला.

शेजारच्या गच्चीवरून रशीदभाई बघत होते. "क्या साब, कल तक पाइप लेके पीछे पडे थे, आज दावत?"

"ह्यांच्या मनात काही राहिलं असंल," आई म्हणाली. "बोला काहीतरी."

बायकोनं तत्परतेनं हात जोडले. "बाबा, ह्यांची दुर्बीण मी माळ्यावर टाकते."

तरीही कावळा नाही! ऊन चढलं, खिरीवर साय धरली.

"आई, दोन घास खाऊन घे ना."

"ते उपाशी अन् मी जेवू व्हय?"

"अहो, पलीकडच्या गल्लीत बघू या का?" बायको म्हणाली. सूचना बरी होती. पण पक्ष्यांच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा असायचा. "गल्लीत कशाला? जायकवाडीला चला. पक्ष्यांचं अभयारण्य आहे ते!"

पान डब्यात भरून आम्ही पैठणच्या रस्त्याला लागलो. वाटभर माझं तोंड चालू होतं.

धरणाच्या काठावर एका दगडावर पान मांडलं. समोर पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ कुणीतरी पुसून टाकल्यासारखी दिसत नव्हती. उथळ पाण्यात चित्रबलाक आपल्याच सावल्यांवर उभे होते. वारा इतका हळू, की पाण्यालाही कळत नव्हता. आणि तिकडं लांब, गवताच्या कडेला एक केशरी ठिपका तरंगत होता. चक्रवाक! हिमालयापलीकडून आलेला, या मोसमातला माझा पहिला. मी दुर्बीण लावली आणि तिथी, भूक, खीर सगळं त्या पाण्यात विरघळून गेलं. किती वेळ गेला, देव जाणे.

दुर्बीण खाली घेतली तेव्हा आई दगडाशेजारी बसून वडा खात होती. बायको तिच्यासाठी गोळी काढत होती.

"आला?" मी विचारलं.

"आला, जेवला, गेला," बायको म्हणाली.

निदान तज्ज्ञाची इभ्रत तरी राहावी म्हणून मी घसा खाकरला. "कोणता होता? गावकावळा की डोमकावळा?"

आईनं शांतपणे घास गिळला.

"तुझे बाबा होते. जेवण झाल्यावर लई वेळ तुझ्याकडंच बघत बसले. तू बदकं बघत होतास."