आत्यानं बदललेलं नाव

भाचीच्या नातीला सांगलीत मुलगी झाली. बारशात घुगऱ्यांचा वास आला, पाळण्यावर ‘एमा’ लिहिलेलं दिसलं, आणि मी कराडच्या आमच्या जुन्या सोप्यात जाऊन पोचले.

लढाई संपून दादा जर्मनांच्या कैदेतून परतला होता. वर्षभरानं त्याला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाळण्यापाशी दादा हळूच म्हणाला, “एमा सांग. तिकडलं लय जुनं नाव हाय. एमा म्हंजी अख्खी, भरलेली.”

वहिनीनं ते ऐकलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. “तिकडं ठेवलेली बाई दिसतीया!”

मलाही तसंच वाटलं. मी चौदाची होते, पण संशयाला वय लागत नाही. मी वाकून ‘कुर्रर्र’ केलं आणि मोठ्यानं सांगितलं, “हौसा!” बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. आत्यानं सांगितलं ते नाव पक्कं.

दादानं घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. “म्हातारी नर्स हुती गं. माझा पाय कापू दिला न्हाई तिनं. येकदा इचारायचं तरी.”

आज हौसाच्या पणतीचं, म्हणजे नातीच्या मुलीचं, नाव ऐकून सगळ्या म्हणाल्या, “किती गोड!” गल्लीतली ही तिसरी एमा. हे नाव कुणाचं, ते आजही कुणी विचारलं नाही.