लिफ्टच्या फ्यूजला गंध

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या तंजावूरच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. बटण दाबलं की ती हलायच्या आत फेज रिलेचा, म्हणजे वीज अपुरी असली की लिफ्ट अडवणाऱ्या यंत्राचा, लाल दिवा लागे. म्हणजे तीनपैकी एक फेज जात होता. लिफ्टची दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे सगळे माझ्याच दारात.

"तो रिले काढून टाक आणि सरळ जोडून दे," वरच्या मजल्यावर राहणारे माझे आतोबा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "काढते! मग दोन फेजवर मोटर जळली की चढा जिने!"

मीटर लावला, तर तिन्ही फेज ठणठणीत. छे! रिले उगाच बोंबलणार नाही. मग एकदम सुचलं, लिफ्ट उभी असताना मोजून काय उपयोग? "आतोबा, बटण दाबा!" मी ओरडले. मोटरने ओढ घेतली मात्र, फ्यूजच्या पुढे एका फेजचा आकडा धाडकन कोसळला. सापडला! मी नाचायचीच काय ती बाकी राहिले.

मेन बंद करून त्या फेजचा फ्यूज बाहेर ओढला, तर जळक्या चंदनाचा वास. तांब्याच्या पात्यांवर वाळलेल्या गंधाचा जाड थर आणि वर कुंकू! मोटरने ओढ घेतली की वीज तिथेच अडत होती.

आतोबांनी पूजेला कात्रीपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला गंध लावलेलं मी पाहिलं होतं. "पण फ्यूज काढून आत?"

"शक्ती आतच असते ना!"

"मग बाकीच्या दोन फ्यूजना का नाही लावलं?"

आतोबा हळहळत म्हणाले, "गंध संपलं गं."