मांडीवरचा कुकर आणि मोटारीचे सांधे

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरी दुधाची पिशवीही फोडली जात नाही, त्या गजाननाला वंदन करून, आमच्या जुन्या मोटारीचे झिजलेले सांधे बदलले त्या प्रसंगाची हकिगत यथामती लिहितो. मोटारीच्या दुरुस्तीत देवाला कशाला आणावे, असे कुणाला वाटेल. परंतु ही दुरुस्ती मुळात त्याच्यासाठीच झाली.

आमची मूर्ती शाडूच्या मातीची असते. विक्रोळीच्या मूर्तिकाराकडून ती मुलुंडला आमच्या घरी माझ्या मांडीवर बसून येते. मोटार पत्नी चालवते. निवृत्तीनंतर शिकली आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. गेल्या वर्षी भांडुपच्या खड्ड्यांतून येताना मोटारीच्या पोटातून, कुणी खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा आवाज येत राहिला. घरी वस्त्र दूर केले तेव्हा देवाच्या उजव्या मनगटाला केसासारखा तडा गेलेला होता. भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. आल्या पावली परतून दुसरी आणावी लागली. पत्नी रागावली नाही, हेच अधिक गंभीर होते. ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं, तर मी पितळेची मूर्ती आणणार. कायमची."

पितळेला माझा विरोध नाही. परंतु देवाने मातीतून यावे, आपल्यात राहावे आणि पाण्यात परत जावे, हे पाहत मी म्हातारा झालो. पितळ कुठे जातच नाही. म्हणून यंदा चतुर्थी जवळ येताच आम्ही मोटार भांडुपच्या गॅरेजात नेली.

तिथला मेकॅनिक मालवणकडचा. त्याने मोटार जॅकवर चढवली, चाकाखाली पहार घालून ती उचलली आणि चाक हलत्या दातासारखे डुगडुगले.

"काका, ह्या गाडीक संधिवात झालो हा," तो म्हणाला.

मग त्याने नीट समजावले. चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी बॉल जॉइंट असतो, आपल्या खुब्यासारखा. आणि तो दांडा गाडीला जिथे जोडतात तिथे रबराचे बुश असतात. दोन्ही संपले होते. जुने बुश प्रेसखाली दाबून बाहेर काढले तेव्हा ते वाळक्या जर्दाळूसारखे चिरलेले निघाले. पत्नीने ते निरखून पाहिले आणि मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिले.

नवे सांधे बसले, पण बुशचे बोल्ट त्याने आवळले नाहीत. "गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, माणसं आत, मग आवळायचे. चतुर्थीला बसाल तसेच बसा."

"मग मूर्ती आत्ता कुठून आणू?" मी विचारले.

"तेवढ्या वजनाचं काय पण घ्या ना मांडीवर."

पत्नी रिक्षाने घरी जाऊन मोठा कुकर तांदळाने काठोकाठ भरून घेऊन आली. मेकॅनिकला तो फार आवडला. म्हणाला, "शिट्टी वर राहू दे, काकू. बोल्ट आवळले की ह्याच रस्त्याने तुमच्या घरापर्यंत जाऊ. शिट्टी खुळखुळली नाही, तर बाप्पालाही धक्का नाही."

"पण हे मांडीवर कुकर घेऊन मुलुंडपर्यंत जाणार? लोक काय म्हणतील?" असे म्हणत पत्नीने कुकरावर माझे लाल रेशमी उपरणे घातले. मी पौरोहित्य करतो, त्यामुळे काळी टोपी माझ्या डोक्यावर नेहमीच असते.

आमच्या घरी मूर्ती हाती घेतल्यापासून ती पाटावर ठेवीपर्यंत धरणाऱ्याने मौन पाळायचे असते. परीक्षा घ्यायची तर पुरी घ्यावी, म्हणून गॅरेजातल्या प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी हातावर घेऊन मी मौनाचा संकल्प सोडला. मेकॅनिक मोटारीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरला, बोल्ट आवळून वर आला आणि आवाज ऐकता यावा म्हणून आत मागच्या बाजूस, मोटारीच्या तळाला कान लावून पालथा पडला. आम्ही निघालो.

शिट्टी खुळखुळली नाही. गेल्या वर्षीचा तो मोठा खड्डा यंदा अधिक मोठा झाला होता, त्यातही नाही. मी मनोमन हात जोडले.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मांडीवरचे उपरणे पाहिले, माझी टोपी पाहिली, मागे पालथा पडलेला मेकॅनिक पाहिला आणि चपला काढल्या.

"अगंबाई, गुरुजी यंदा आधीच घेऊन आले. आणि हे मागचे किती भाविक आहेत बघा, वाटभर साष्टांग."

मला आणि मेकॅनिकला उतरवून पत्नी मोटार लावायला मागे गेली. वहिनींनी तांब्या आणला, माझ्या पायांवर पाणी घातले, कुकरावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कुणी झांजा आणल्या. मी मान हलवून नकार देत होतो. माझ्या डोळ्यांत भक्तीचे पाणी आले आहे असा त्याचा अर्थ लावला गेला. मेकॅनिकने प्रयत्न केला.

"ताई, आत तांदूळ आहेत ओ."

"असणारच. बाप्पा तांदळावरच बसतात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही टाळ्या वाजवा."

संकल्प मोडणे मला शक्य नव्हते. आमच्या बैठकीत पाट मांडला गेला, त्याभोवती रांगोळी उमटली, आणि मी तो कुकर पाटावर ठेवीपर्यंत आरती सुरू झालेली होती. चालू आरती थांबवण्याचा अधिकार मी स्वतःला दिलेला नाही. मीही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या कडव्याला पत्नी दारात आली. तिने सर्वांवरून नजर फिरवली, आरती संपू दिली, नमस्कार केला आणि उपरणे उचलले.

वहिनींनी पाटावरचा कुकर वाकून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही ह्याच कंपनीचा आहे."

"आता हे तांदूळ धुवायचे की नाही, तेवढं सांगा," पत्नी मला म्हणाली.

मी विचार करून सांगितले की नमस्कार ज्याच्यासाठी होता त्याला तो पोहोचला. वाटेत कुकर होता, एवढेच. तांदूळ प्रसादाचे झाले. त्याच कुकरात केशरी भात शिजला. शिट्टी झाली तेव्हा मेकॅनिकने दचकून खिडकीतून मोटारीकडे पाहिले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी खरी मूर्ती मांडीवर घेऊन मी फाटकाशी उतरलो. वहिनी तांब्या धरून उभ्या राहिल्या, पण पाणी घालीनात. "गुरुजी, कापड जरा उचलता का?" मला मौन होते, आणि वाटेत देवाचे मुख उघडायचे नसते.

"ओवाळ गं," पत्नी खिडकीतून म्हणाली. "याला शिट्टी नाही."

पाटावर वस्त्र दूर झाले. पत्नीने चष्मा लावून मनगट पाहिले, मग दुसरे, मग सोंड. "मातीचीच बरी," ती म्हणाली आणि दूर्वा निवडायला बसली.

वाचकहो, तुमच्या घरातील थोरांचे गुडघे, दारांच्या बिजागऱ्या आणि माणसामाणसांतले सांधे तो गजानन मऊ व घट्ट ठेवो. तुमच्या वाटेवरचे खड्डे त्याच्या कृपेने तुमच्या मांडीपर्यंत न पोहोचोत. आणि तुमच्या कुकरात सदैव प्रसाद शिजो. शुभं भवतु.