शैलाआत्याचं जहाज

दुकानदाराने रीळ पुढे केलं की शैलाआत्या आधी धाग्याचं टोक दाढेखाली धरायची आणि दोन्ही हातांनी ओढून बघायची. फडके रोडवरचे शिवणसामानाचे दुकानदार तिला ओळखून होते. नवा पोऱ्या असला तर म्हणायचा, "ओ बाई, ब्लाउजला एवढा मजबूत कशाला पाहिजे?" आत्या टोक तोंडातून काढून शांतपणे सांगायची, "ब्लाउजला नाही. डोलकाठीला."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची सख्खी मोठी बहीण. डोंबिवलीतल्या एका शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. दिसायला किरकोळ, चष्मा जाड, साडी नेहमी सुती आणि कडक इस्त्रीची. पेपर तपासताना ती कुणाला अर्धा मार्क दयेने द्यायची नाही आणि कुणाचा अर्धा मार्क रागाने कापायची नाही. "अर्धा मार्क कुणाचा खायचा नाही, आणि आपला कुणाला खाऊ द्यायचा नाही," हे तिचं आवडतं वाक्य. आम्ही भाचरं त्याची नक्कल करायचो.

ती नुसतं म्हणायची नाही, करायचीही. एकदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका मुलीने केलेल्या पवनचक्कीचं बक्षीस मुख्याध्यापकांनी चुकून तिच्या जोडीदार मुलाच्या नावाने जाहीर केलं. मुलगा संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा नातू होता, त्यामुळे सगळे शिक्षक टाळ्या वाजवत राहिले. आत्या उठली, स्टेजवर गेली आणि म्हणाली, "सर, याने फक्त पुठ्ठा धरला होता. चक्की हिने केली." बक्षीस बदललं. पुढे आत्याला पर्यवेक्षकपद कधीच मिळालं नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "बरं झालं. डबे तपासत फिरावं लागलं असतं."

माझे बाबा, कॅप्टन सुधीर, मालवाहू जहाजांवर होते. वर्षातले बरेच महिने समुद्रात, आणि घरी आले की भेटवस्तूंचा आणि गोष्टींचा पाऊस. अशाच एका फेरीत त्यांनी युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून प्लॅस्टिकच्या जहाजाचा भलामोठा खोका आणला. जुन्या काळातलं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, सुटे भाग जोडून करायचं. बाबांनी सुट्टीत उत्साहाने सांगाडा चिकटवला, रंग दिला, डोलकाठ्या उभ्या केल्या. मग खोक्यातला दोऱ्यांचा नकाशा उघडून बघितला. तो आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा होता. बाबांनी त्याची घडी घातली आणि म्हणाले, "ताई, तू बघ बाई हे. तुला बारीक कामाची आवड आहे." आणि ते पुढच्या जहाजावर गेले.

आजीला तेव्हा नुकताच अर्धांगाचा झटका आलेला. ती डोंबिवलीत आत्याकडेच असायची. आत्याने निवृत्तीला वर्षं शिल्लक असताना नोकरी सोडली आणि आजीच्या पलंगाशेजारी टेबल लावून त्यावर ते जहाज ठेवलं. पलंगावरून आजीला ते दिसायला हवं म्हणून टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या.

शिडाच्या जहाजाला दोर बांधणं म्हणजे काय, हे मला तिथे बसून कळलं. डोलकाठ्यांना सगळ्या बाजूंनी धरून ठेवणारे जाड दोर आधी, मग शिडं हलवणारे बारीक दोर. आतून बाहेर, खालून वर यायचं. क्रम चुकला की चिमटा आत जात नाही आणि सगळं उसवावं लागतं. खलाशांना वर चढायला दोराच्या शिड्या असतात. खोक्यात त्या प्लॅस्टिकच्या तयार दिल्या होत्या. आत्याने त्या बघितल्या आणि "हे काय, केळ्याची जाळी?" म्हणून कचऱ्यात टाकल्या. मग तिने प्रत्येक पायरी धाग्याने बांधली, प्रत्येक सांध्यावर गाठ मारली आणि गाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब लावला. प्लॅस्टिकची काठी नाजूक. एका बाजूने दोर ओढला की वाकते. "ताण दोन्हीकडून सारखा द्यायचा," आत्या म्हणायची. "एकीकडून ओढणाऱ्याच्या हातात काठी येते."

दोरावर कुसं राहू नयेत म्हणून आत्या त्याला मेण लावायची. त्यासाठी धागा कुणीतरी ताणून धरावा लागायचा. ते काम आजीचं. आजीचा उजवा हात आणि वाचा गेली होती, पण डाव्या हातात बळ होतं. आत्या धाग्याचं टोक तिच्या बोटांना गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाकडून मेण घासत यायची. आजी डोळे बारीक करून धरून बसायची. धागा सैल पडला की आत्या ओरडायची, "आई, झोपलीस काय गं? जहाज बुडेल!" आजी अर्ध्या तोंडाने हसायची. मग मध्येच अंथरूण बदलणं, कूस बदलणं, पातळ खिमट भरवणं, डॉक्टरांना फोन. एमआयडीसीकडून वास सुटला की खिडक्या लावणं. पापडांवर घालतात तसं मलमलचं फडकं जहाजावर घालून ती या कामांना उठायची आणि परत येऊन चिमटा हातात घ्यायची.

जहाज पुरं झालं आणि त्याच पावसाळ्यात आजी गेली. बाबा ब्राझीलच्या बंदरात होते. तेराव्यालाही पोचू शकले नाहीत.

बाबा निवृत्त झाले आणि घोडबंदर रोडला मोठ्या संकुलात विसाव्या मजल्यावर राहायला गेले. आत्याकडे येऊन म्हणाले, "ताई, जहाज माझ्याकडे राहू दे. इथे धूळ किती! आणि आईची आठवण आहे ती." आत्याने फडक्यात गुंडाळून ते स्वतः त्यांच्या गाडीत ठेवलं. बाबांनी काचेची पेटी करून घेतली, दिवाणखान्यात मधोमध ठेवली. पेटीखाली पितळेची पट्टी लावली. तिच्यावर फक्त बाबांचं नाव होतं.

आत्याने ती पट्टी पाहिली तेव्हा मी तिथेच होते. ती वाकली, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "पेटी कुणाची म्हणून लिहिलंय वाटतं," एवढंच म्हणाली.

मग संकुलात ज्येष्ठांच्या छंदांचं प्रदर्शन भरलं. बाबांनी जहाज मांडलं. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं आणि माइक हातात आला. बाबा बोलायला लागले की समोरच्याला लाटा दिसायच्या. ते म्हणाले, "लांबच्या सफरींत एकटेपणा फार असतो. केबिनमध्ये बसून एकेक दोर बांधला. जहाज हलायचं, हात हलू द्यायचा नाही." लोक भारावले. शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले. आत्या माझ्या बाजूच्या खुर्चीत बसली होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

रिक्षात मी भडकले. "आत्या, तू उठली का नाहीस? परक्या मुलीसाठी स्टेजवर गेलीस ना?"

"तिच्यासाठी बोलले तर न्याय. स्वतःसाठी बोलले असते तर लोक म्हणाले असते, म्हातारी बहीण भावावर जळते," आत्या म्हणाली. "आणि तिथे बोलून भागलं असतं का? तो हसला असता, 'हो हो, ताईचीही मदत झाली' म्हणाला असता. मदत!" हा शब्द तिने थुंकल्यासारखा उच्चारला. "मला त्याला असं उत्तर द्यायचंय मुग्धा, की हसता येणार नाही."

ती वेळेची वाट बघत थांबली. थांबण्याचा सराव तिला होताच. भाऊबीजेला ओवाळलं, अनारसे पाठवले. बाबांची सत्तरी जवळ आली. त्यानिमित्त जहाजावरचे जुने सोबती घरी येणार होते. नेमका आदल्या दिवशी पेटी आतून पुसताना मोलकरणीच्या फडक्यात अडकून एक दोर तुटला. बाबांनी फोन केला, "ताई, जरा येऊन बांधून जाशील? आम्ही दोघं लग्नाला नाशिकला चाललोय, मुग्धा आहे घरी."

"येते की," आत्या म्हणाली.

दुपारी ती आली. पेटीची काच मला उतरवायला लावली, चहा टाकायला सांगितला. मी कप घेऊन बाहेर आले तर टेबलावर दोऱ्यांचा ढीग. आत्या नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक दोर मुळाशी कापत होती. सगळ्यात बाहेरचा आधी, मग आतला, जसा बांधला त्याच्या उलट क्रमाने.

"आत्या!"

"ओरडू नकोस, हात हलेल. त्याच्या रंगाला ओरखडा जायला नको."

मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला थांबवावंसं वाटलं नाही. मी खुर्ची ओढून समोर बसले. शिड्या गेल्या, शिडांचे बारीक दोर गेले, ताणाचे दोर गेले. शेवटी उरलं ते खोक्यातून आलेलं जहाज: रंगवलेला सांगाडा आणि तीन उघड्या काठ्या. आत्याने फुंकर मारून धूळ उडवली, काच लावली, ढीग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि थंड झालेला चहा उभ्यानेच पिऊन गेली.

सकाळी नाशिकहून परतल्यावर बाबांनी तिला फोन लावला तेव्हा त्यांचा आवाज फुटत होता. फोन स्पीकरवर होता. आत्याने सरळ सांगितलं, "तू जेवढं केलं होतंस तेवढं सगळं तिथे आहे सुधीर. मोजून घे. माझं तेवढं मी आणलं."

संध्याकाळी मित्र आले. बाबांनी दुरुस्ती चालू असल्याचं सांगितलं. त्यातले एक काका खुशीत आले. "अरे वा! मग एक दोर बांधून दाखव ना. आपण सगळे इंजिनाचे लोक, शिडाचं काय कळतंय आपल्याला!" मंडळी पेटीभोवती जमली. कुणीतरी माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातला धागा आणून दिला. बाबांनी तो काठीच्या टोकाला बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला आणि खाली ओढला. टक्क आवाज झाला आणि काठीचं टोक त्यांच्या हातात आलं. काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि विषय क्रिकेटवर नेला. ती थाप बाबांना किती लागली, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन डोंबिवलीला गेले. ते दारातच सुरू झाले. "ताई, माझा अपमान केलास तो केलास. पण ती आईची आठवण होती! आईची आठवण कापताना तुझा हात धजावला कसा?"

आत्या भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "आईचा कुठला हात चालत होता रे?"

"काय?"

"झटका आल्यावर. कुठल्या हाताने ती वाटी धरायची? सांग, आणि मी आत्ता बसून सगळं जहाज पुन्हा बांधून देते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"उजवा," ते म्हणाले.

आत्याने परत भाजीत मान घातली. "चहा घेऊन जा. मुग्धा, दूध वरच्या कप्प्यात आहे."

त्यानंतर भाऊबीज बंद झाली. मी कधी कधी मध्ये पडायचे. "आत्या, आता तरी माफ कर ना." ती म्हणायची, "माझी तयारी आहे गं. पण त्याने मागायला तर हवी. न मागता दिली तर ती माफी नाही, दान होतं. आणि दानाला पात्र लागतं." त्या श्रीखंडाच्या डब्यातले दोरे तिने जपून ठेवले असतील असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाली, "ते? घंटागाडीत टाकले त्याच आठवड्यात. मला काय करायचेत? त्याच्याकडे राहायला नको होते, बस." तिने स्वतःच्या पेन्शनमधून नवीन जहाज मागवलं, बांधलं, शाळेला दिलं. मग आणखी एक. भाऊ दुरावल्याचं दुःख तिला होतं का, हे मला कधी कळलं नाही. पण सूड घेतल्याचा पश्चात्ताप नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्या दुपारची आठवण निघाली की तिचा चेहरा एखादं अवघड गणित सुटल्यासारखा व्हायचा.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेली. छातीत दुखतंय म्हणून स्वतःच रिक्षा करून हॉस्पिटलला गेली आणि परत आली नाही.

शाळेच्या हॉलमध्ये माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. एकुलता एक भाऊ म्हणून बाबांना बोलायला बोलावलं. बाबा थकले होते, आवाज मात्र तसाच. त्यांनी बालपण सांगितलं, आजीची सेवा सांगितली. मग म्हणाले, "ताईला जहाजांचा नाद होता. तिची पुढची जहाजं तुम्ही पाहिली आहेत. पण पहिलं, ते मोठं, आम्ही दोघा भावंडांनी मिळून बांधलं होतं." पुढच्या रांगेत कुणीतरी हळहळलं.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. स्टेजच्या तीन पायऱ्या चढले आणि बाबांच्या हातातून माइक घेतला.

"यांनी सांगाडा चिकटवला होता," मी म्हणाले. "दोर सगळे आत्याने बांधले. आजीने डाव्या हाताने धागा धरला होता. मी तिथे बसून बघत होते. हे तेव्हा त्या खोलीत नव्हते."

बाबा माझ्या शेजारी उभे होते. मी माइक संयोजकांच्या हातात दिला आणि खाली येऊन बसले.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन आईच उचलते. एकदा ती कुजबुजत म्हणाली, "अगं, चूक झाली म्हण आणि मिटव. त्यांचं वय झालंय."

"म्हणेन," मी म्हणाले. "आधी त्यांना म्हणू दे."