दाजींच्या पाली

भिंतीवर पाल दिसली की सगळं जग झाडू शोधतं. आमचे दाजी आधी तिचं शेपूट बघत. पालीची तब्येत विचारणारा दुसरा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याला माझ्या बहिणीसारखी सोशीक बायको मिळाली नसेल. दाजी मूळचे युसूफ वडगावचे, बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या मित्रानं त्यांना दोन पेप्टाइडं पाठवली होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा, हे त्यांनी आम्हाला पंगतीत भात वाढायचा थांबवून समजावलं होतं. एकानं म्हणे जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, दुसऱ्यानं पेशी जखमेकडं सरकतात. त्यातलं सरस कोणतं ते पालींच्या तुटक्या शेपटांवर ठरायचं होतं. काही पालींना पहिलं, काहींना दुसरं आणि उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. पाली लोणच्याच्या बरण्यांत राहायच्या. ताईनं त्या वर्षी लोणचं घातलं नाही.

तुलना करणं हा त्यांचा स्वभावच. मुलगी बघायला आले तेव्हा दोन बशांतले पोहे आलटून पालटून खाऊन, मधे पाण्याचा घोट घेऊन त्यांनी जाहीर केलं, "ह्ये दोन हातचे हायेत." एक बशी आईची होती, हे खरंच होतं. ताई मात्र लग्न होईपर्यंत धुसफुसत होती.

गावोगावी एसटीडीचे बूथ निघाले ते पालींचा प्रयोग चालू होता त्याच सुमारास. सासुरवाडीला, नेकनूरला आले की दाजी तिथून हैदराबादला फोन लावत, आणि हैदराबाद लांब म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत, "दुसऱ्यानं जखम लवकर भरती का?" बाहेरच्या रांगेनं नेमकं तेवढंच ऐकलं. संध्याकाळी आमच्या कापडदुकानाच्या पायरीवर फुटलेले गुडघे, भाजलेले हात आणि खांदा सोललेला एक बैल हजर! दाजी हात जोडून म्हणाले, "बाबांनो, ह्ये अजून पालीवर चाललंय, माणसावर न्हाई."

"मग आमी पालीपरीस बी गेलोत का?" एका म्हातारीनं विचारलं.

आमचं हसणं थांबलं ते आण्णांमुळं. माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. चप्पल लागून तळपायाला पडलेली जखम काही केल्या भरेना. पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला पायी जाणारा हा माणूस बाजेवर बसून पायाकडं बघत राहायचा. जावयाकडं काही मागायचं नसतं, पण त्या दिवशी आण्णांनी मागितलं. "जावईबापू, ती पालीची दवा मला द्या."

दाजींचा चेहरा उतरला. "मामा, त्येनं माणसाचं काय व्हतंय ते कुणालाच ठाऊक न्हाई. तुमच्या पायावर मी अंदाज करू का?"

ताई रडली. मला तर त्यांचा भयंकर राग आला. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दाजी पट्ट्या घेऊन हजर झाले, आणि मग रोज येत राहिले. डॉक्टरांकडून त्यांनी मुदत मागून घेतली होती, पट्टी बांधायलाही शिकून आले होते. लग्नात आण्णांनी ज्यांचे पाय धुतले, ते आता आण्णांचा पाय धूत बसत. आई तोंडाला पदर लावून आत पळायची. आण्णा कळवळून म्हणत, "पाप लागंल मला." दाजी म्हणत, "लागू द्या. पाय तरी ऱ्हाईल." आण्णांनी पाय जमिनीला टेकवून जखमेवर भार टाकला की मात्र ते वर्गातल्यासारखे ओरडत.

मधल्या काळात प्रयोग पार बोंबलला. मिठाच्या पाण्याच्या पालींची शेपटंही बाकीच्यांइतकीच वाढली होती! दाजी खूश. "पालीला आपली दवा नकोच व्हती बे," मला म्हणाले, "तिला कुणी छळलं न्हाई, एवढंच लई झालं."

हळूहळू जखमेच्या काठावर गुलाबी कातडी धरली. दाजी भिंग लावून तिच्याकडं बघत बसायचे, घरात पहिलं नातवंड आल्यासारखे. पाय वाचला. आण्णा पुन्हा कपिलधारला चालत गेले, आणि गाव अजूनही म्हणतं की पालीच्या दवेनं गेले. दाजी या गोष्टीवर मरेपर्यंत भांडतील.

आण्णा पुढं पुष्कळ वर्षांनी गेले, दोन्ही पायांनिशी. सगळे पाया पडून बाजूला झाले. दाजी तो तळपाय दोन्ही हातांत धरून बसून राहिले. जखमेच्या जागी कातडी जराशी फिकट होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"बघ की," मला हळूच म्हणाले, "किती झाक भरली व्हती."